बदलीनंतर विचारा

रोमच्या प्रांतांचा धडा मला मुळीच आवडत नसे. भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्राचीन जगाचा एक पेपर होता, आणि मी सगळ्यांत नवीन म्हणून तो माझ्या गळ्यात पडला होता. इजिप्त पोरांना आवडायचं. रोममध्येही लढाया, कट आणि खून चालू असेतोवर वर्ग जागा असायचा. पण एकदा का प्रांतांच्या कारभाराला हात घातला की धानाच्या कापणीवरून थेट वर्गात आलेली पोरं बाकावर सरळ डोकं टेकवायची. मी त्यांना उठवत नसे. माझीही झोप कशीबशी आवरलेली असायची.

आमचं गाव शहापूरच्या आतल्या बाजूला, तलावाला लागून. घरून सायकलने शहापूरपर्यंत यायचं, पानठेल्यामागे सायकल लावायची आणि एस.टी.ने भंडाऱ्याला जायचं, हा माझा रोजचा रस्ता. सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं. लग्न न झालेली, पगार घेणारी आणि सायकल चालवणारी मुलगी आमच्या भागात तेव्हा फारशी दिसत नसे. पानठेल्यावरच्या मंडळींना माझ्यामुळे रोज सकाळी बोलायला विषय मिळायचा. मी नंतर नंतर त्यांना "काय म्हणता?" असं स्वतःच विचारू लागले, तेव्हा ते गप्प बसायला शिकले.

पुस्तकात शब्द होता "प्रांताधिपती". तो उच्चारला की अर्धा वर्ग गारद. म्हणून मी "सुभेदार" म्हणायला लागले. रोमचा सुभेदार म्हणजे काय, तर रोमहून पाठवलेला माणूस. त्या मुलखात फौज त्याच्या हाताखाली, मोठे खटले त्याच्यापुढे, साऱ्याच्या वसुलीवर नजरही त्याची. आल्या आल्या तो आपण कोणत्या नियमांनी न्याय करणार याचा जाहीरनामा लावी. मग ठरलेल्या गावांचा दौरा करी. तिथे चौकात उंचावर खुर्ची टाकून बसे आणि माणसं अर्ज घेऊन रांगा लावत. तो चालला की पुढे दांडक्यांच्या मोळ्या खांद्यावर घेतलेले शिपाई चालत, म्हणजे कोण आलंय ते विचारायला नको.

"म्हणजे कलेक्टर, एस.पी. अन् जज्ज, सारे एकाच माणसात?" एका पोराने विचारलं. तो त्या दिवशी चुकून जागा होता.

"हो."

"मंग त्याची तक्रार कोणाकडे कराची?"

"त्याच्याचकडे."

वर्ग हसला आणि झोपलेलेही उठले. मग मला जरा जोर आला. मी सांगितलं, की तो पदावर असेपर्यंत त्याला कोणी हात लावू शकत नसे. मुदत संपून तो घरी गेला, की मग प्रांतातले लोक रोमला जाऊन त्याच्यावर फिर्याद करू शकत.

"तवरक त त्यानं सारं खाऊन हात धुतले असंन, मॅडम," तो पोरगा म्हणाला.

म्हणूनच पुढे नियम आले, असं मी सांगितलं. आणि हा भाग मात्र मला स्वतःला आवडायला लागला होता. सुभेदाराने प्रांतात असताना तिथली जमीन विकत घ्यायची नाही. नजराणे घ्यायचे नाहीत. मात्र खाण्यापिण्याची वस्तू, तीही दोनचार दिवसांत संपेल एवढीच, घेतली तर चालेल, कारण काहीच न घेणं हाही उद्धटपणा. बायकोला बरोबर न आणलेलं बरं. आणलीच, तर तिने केलेल्या भानगडींना नवरा जबाबदार. आणि आणखी एक: ज्या प्रांतावर त्याचा अंमल, त्या प्रांतातल्या मुलीशी त्याने पदावर असताना लग्न करायचं नाही. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला तर होऊ द्यावा, पण लग्न मुदत संपल्यावर. आणि मुदत संपल्यावर मुलगी नाही म्हणाली, तर तिच्यावर कसलाही ठपका नाही.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. ती आमच्याच गावची. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. घरी जमीन नव्हती, आई-बाप आमच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, रोवणीला यायचे आणि पोरगी शिष्यवृत्तीवर शिकत होती. गावात ती मला ताई म्हणायची, वर्गात मॅडम, आणि दोन्हीत कधी घोटाळा करायची नाही. ती उभी राहिली.

"मॅडम, असा कायदा फक्त सुभेदारासाठीच काहून? गावात बी त असतेत असे लोक. मोठ्या घरचं मागणं आलं त नाही म्हणाची हिंमत कोणाले होते?"

"तो भाग अभ्यासक्रमात नाही," मी म्हटलं.

ती बसली. मी फळा पुसला आणि पुढच्या मुद्द्यावर गेले.

आता माझ्या घराचं सांगते. माझे आजोबा मालगुजार होते, गावचे जमीनदार. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, पण तलावाखालच्या बांध्या आमच्या राहिल्या आणि गाव माझ्या वडिलांना, बाबूजींना, मालगुजारच म्हणत राहिलं. बाबूजींनाही ते ऐकायची सवय होती. कोणी नुसतं "भाऊजी" म्हटलं तर त्यांना त्या माणसाचं काहीतरी बिनसलंय असं वाटायचं. मग सिलिंगचा कायदा कडक झाला. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन सरकार घेणार आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना वाटणार. बाबूजींनी तोवर थोडी जमीन भाच्याच्या नावे, थोडी एका मेलेल्या काकांच्या नावे करून ठेवली होती. मेलेल्या काकांच्या नावे जमीन करता येते हे मला तेव्हा कळलं. सरकारलाही ते कळलं, आणि प्रकरण उभं राहिलं.

ही प्रकरणं ज्याच्याकडे होती तो अधिकारी तरुण होता, साताऱ्याकडचा. "मला" आणि "तुला" अशी स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचा आणि आमचं "मले, तुले" ऐकून पहिल्या पहिल्यांदा हसू दाबायचा. जमिनीची पाहणी करायला तो एकदा गावात आला. जीप थेट आमच्या छपरीसमोर, घरापुढच्या पडवीसमोर, थांबली. बाबूजींनी स्वतः खुर्ची झटकली. आईने आयते केले होते. तांदळाच्या पिठाची ही पातळ धिरडी त्याने आधी कधी खाल्ली नव्हती. त्याने मागून घेऊन खाल्ली. निघताना पाहिलं तर गड्याने जीपमध्ये तांदळाचं पोतं चढवलेलं. त्याने आवाज न चढवता ते उतरवायला लावलं.

"आयते खाल्ले ना, तेवढं पुरे," तो म्हणाला.

मी दारात उभी होते. मला हसू आलं. माझा धडा न वाचताच या माणसाला पाठ होता. त्याने मला विचारलं, की तुम्ही काय शिकवता. मी सांगितलं. त्यावर त्याने पुढे दोनतीन प्रश्न विचारले, आणि उत्तरं संपेपर्यंत ऐकलीही. आमच्या घरी पुरुषमाणसाने माझं वाक्य पूर्ण होऊ देणं ही नवी गोष्ट होती. मला तो आवडला. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाकडं दिसेल.

महिनाभराने बाबूजींचे वकील भंडाऱ्याहून आले. केसच्या कामाने आले असतील म्हणून मी चहा ठेवला. पण ते केसचं बोलेचनात. साहेबांच्या मनात आहे, मुलगी त्यांना पसंत आहे, हुंडाबिंडा काही नको, त्यांच्या घरचे पुढे रीतसर पत्र घालतीलच, एवढं सांगून वकील खुर्चीत मागे रेलले, जणू खटलाच जिंकून आले होते.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आमच्याकडे नवरा शांत होता आणि बाशिंग सासऱ्याच्या गुडघ्याला होतं. बाबूजी उठले, आत गेले, पुन्हा बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग त्यांनी भंडाऱ्याहून पेढे आणायला माणूस पाठवला.

"बाबूजी, मला विचारलं नाही तुम्ही," मी म्हटलं.

"विचाराचं काय त्यात? असं ठिकाण दिवा घेऊन पाहिलं त भेटते का? अन् बांध्या वाचतेत, ते वेगळंच."

ते वेगळं नव्हतंच. तेच होतं. आई मागच्या अंगणात सूप घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती पाखडत राहिली. आईचं या घरात कशावर काही मत नसतं, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती, आणि मला तिचा रागही यायचा.

मी चिडले होते. पण नुसती चिडले नव्हते, घाबरलेही होते. नाही म्हटलं आणि बांध्या गेल्या, तर जन्मभर घरात ऐकावं लागणार की तुझ्यामुळे गेल्या. हो म्हटलं आणि बांध्या राहिल्या, तर गाव म्हणणार की मालगुजाराने पोरगी देऊन जमीन सोडवली. आणि तिसरं सगळ्यांत वाईट होतं. मला स्वतःला काय हवंय ते मला कळेना. विचार करायला बसलं की तलावाखालच्या बांध्या डोळ्यांपुढे यायच्या, आणि त्यांच्या मागे कुठेतरी तो माणूस उभा असायचा.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला तो पाहुणा म्हणून आला. बक्षिसं वाटून झाली, आणि प्राचार्य हार-तुरे आवरत असताना तो स्टाफरूममध्ये आला. शिपाई दारात उभा राहिला. मी पाठ केल्यासारखं बोलून टाकलं.

"वकिलांनी तुमचा निरोप सांगितला. मला एक गोष्ट सांगायची आहे. मी मुलांना रोमचे सुभेदार शिकवते."

"माहीत आहे," तो म्हणाला.

मी त्याला तो नियम सांगितला. पदावर असताना लग्न नाही. मुदत संपली की विचारायचं, आणि तेव्हा मुलगी मोकळी.

तो हसला. "मी काही रोमचा सुभेदार नाही हो."

"जीप आहे ना," मी म्हटलं. "आणि आमच्या बाबूजींची केस आहे."

त्याचं हसणं थांबलं. चहा आला तो त्याने तसाच ठेवला. माझ्या मनात आलं, आता हा रागावणार, आणि रागावला तर मी बांध्या घालवल्या.

"मी त्या केसमध्ये काही कमीजास्त करीन असं वाटतं तुम्हाला?"

"नाही वाटत. पण आमच्या घरी तुम्हाला कोणी नाही म्हणू शकत नाही. मीसुद्धा नाही. मग माझ्या हो म्हणण्याला काय अर्थ?"

तो उठून खिडकीपाशी गेला. बाहेर पोरं मांडव सोडत होती.

"हे मला सुचायला हवं होतं," तो म्हणाला. "मी ती केस दुसऱ्याकडे द्यायला सांगून पाहतो. नाही दिली तर जी आहे तशी करीन. बदली झाली की येईन आणि विचारीन. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. मला रडू येत होतं, ते मी त्याच्यासमोर येऊ दिलं नाही.

केस दुसऱ्याकडे गेली नाही. माणसंच कमी होती. मी घरी एवढंच सांगितलं, की साहेब म्हणतात, बदली झाल्यावर बोलू. मला वाटलं होतं बाबूजी भडकतील. ते मांडीवर थाप मारून हसले.

"पाहा! याले म्हणतेत डोकं! आधी काम, मंग लगन. आता साक्षगंध केलं असतं त लोकं बोट दाखवते, वर अर्ज करते. म्हणून थांबून राहिला तो. आपलं काम करूनच जाईन."

"तसं नाही बाबूजी. त्यांनी तसं म्हटलेलं नाही."

"अशा गोष्टी म्हणत नसतेत वं. समजून घ्याच्या असतेत."

बाबूजींनी त्या दिवसापासून वकिलाकडे जाणं सोडलं. वकिलानेच निरोप पाठवून बोलावलं तर म्हणायचे, आता काही गरज नाही. मेलेल्या काकांच्या बांध्या कशा वाचवायच्या यावर आधी रोज खल चालायचा, तो बंद झाला. उलट त्या पावसाळ्यात त्यांनी वादातल्या बांध्यांचे धुरे, म्हणजे कडेचे बांध, नव्याने घालून घेतले, आणि चांगल्यातलं चांगलं बियाणं तिथे लावलं. मी दोनदा समजावून पाहिलं. दुसऱ्या वेळी त्यांनी मला विचारलं, की तू इतिहास शिकवतेस की वकिली करतेस. मग मी नाद सोडला.

दिवाळीनंतर निकाल लागला. काकांच्या आणि भाच्याच्या नावच्या बांध्या आमच्याच धरल्या गेल्या, आणि तलावाखालच्या बऱ्याचशा जास्तीच्या ठरून गेल्या. कायद्याने जे व्हायला हवं होतं ते झालं होतं. वर अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. बाबूजींचं तेलही गेलं, तूपही गेलं.

त्यांचा राग पाहण्यासारखा होता. जेवताना, झोपताना, पूजा करताना. "जावई होणार होता! आयते खाऊन गेला माह्या घरचे!" आयत्यांवर त्यांचा विशेष राग होता. आईने पुढे वर्षभर आयते केले नाहीत. गावात ज्यांना जमिनी मिळाल्या त्यांत त्या पहिल्या बाकावरच्या मुलीचा बापही होता. त्याला आमची एक बांधी मिळाली. ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला होती; दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला आली आणि माझ्याकडे न पाहता बसली. तास संपल्यावर मी तिला म्हटलं, "ती बांधी चांगली आहे, पाणी आधी तिलाच येतं." ती म्हणाली, "हो मॅडम, आईनं बारा वर्षं रोवली तिथं, तिले माहीत हाय." मग आम्ही दोघी एकदमच हसलो. हे मी घरी सांगितलं नाही.

उन्हाळ्यात त्याची बदली झाली, बुलढाण्याकडे. जाताना तो भेटला नाही. बरं झालं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि रोज एस.टी.तून उतरताना जीप दिसते का ते पाहत राहिले. कॉलेज पुन्हा सुरू झालं. रोमचे सुभेदार पुन्हा आले. या वेळी मी लग्नाचा नियम घाईघाईने सांगून टाकला.

पाऊस ओसरल्यावर एका रविवारी दुपारी तो आला. वरठी स्टेशनला गाडीतून उतरून, तिथून भंडारा, मग शहापूर, आणि शहापूरहून गावापर्यंत पायी. बूट चिखलाने भरलेले. आमच्या छपरीसमोर येऊन तो उभा राहिला. मी खिडकीतून पाहिलं आणि क्षणभर ओळखलंच नाही, इतका तो जीपशिवाय लहान दिसत होता.

बाबूजी छपरीतच खुर्चीवर होते. ते उठले नाहीत. गेल्या वेळी झटकून दिलेली खुर्ची भिंतीशी होती, ती कोणी पुढे केली नाही. गड्याने त्याच्याकडे पाहिलं, बाबूजींकडे पाहिलं, आणि तो गुरांकडे निघून गेला. पाणी कोणी आणलं नाही. आमच्याकडे वाटसरूलाही आधी पाणी देतात. मी पितळी गडवा भरला आणि बाहेर नेऊन त्याच्या हातात दिला. त्याने उभ्याउभ्याच अर्धा संपवला.

"मी विचारायला आलो आहे," तो बाबूजींना म्हणाला. "तुमच्या मुलीला. आता माझ्याकडे तुमचं काही काम नाही."

"आमच्या घरी तुमच्यासाठी पोरगी नाही, साहेब," बाबूजी म्हणाले. "बांध्या घेऊन गेले, आता पोरगी बी न्याची का? जा तुम्ही."

मला राग येत होता, आणि तो कोणाचा ते धड ठरत नव्हतं. तेव्हा बाबूजींनी हो म्हटलं होतं ते बांध्यांसाठी. आता नाही म्हणत होते तेही बांध्यांसाठी. मी दोन्ही वेळा त्याच जागी उभी होते.

तेवढ्यात आई बाहेर आली. छपरीत परके पुरुष असताना आई बाहेर आल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सावरलेला, हाताला पीठ. तिने भिंतीशी असलेली खुर्ची ओढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"बसा," ती त्याला म्हणाली. मग बाबूजींकडे वळली. "तुम्ही काहून बोलून राहिले मधात? ते तिले विचाराले आले."

"तू आत जा," बाबूजी म्हणाले.

"जातो. एवढं आयका मंग जातो." आई अजिबात ओरडत नव्हती. "माह्या बापाकडे तुमच्या घरून मागणं आलं, तवा तो तुमच्याच बाबाजीची बांधी करे. ठेक्यानं. तो काय नाही म्हणणार होता? अन् त्यानं मले तरी कायले विचाराचं? त्यालेच कोणी विचारलं नव्हतं. माणूस आला, सांगून गेला, अन् आमच्या घरी हळद लागली. मी काही वाईट नाही म्हणून राहिली तुम्हाले. तुम्ही चांगलेच राहिले. पण मले कोणी विचारलं नव्हतं. हिले विचारू द्या."

बाबूजींनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांच्या मनाला कधी शिवलीच नसावी, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. ते खाली पायाकडे पाहत बसले. माझ्याही मनाला ती कधी शिवली नव्हती. आईचं माहेर तलावापलीकडे, लहान घर, एवढंच मला ठाऊक. पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला मी "अभ्यासक्रमात नाही" असं म्हटलं होतं, ते मला तिथे उभ्याउभ्या आठवलं.

तो खुर्चीवर बसला. गडवा त्याने खाली ठेवला. मग मला विचारलं, सरळ, सगळ्यांसमोर. लग्न करायचं का. हो म्हटलंत तर आनंद आहे, नाही म्हटलंत तरी मी समजून घेईन.

मी जवळजवळ दोन वर्षं फक्त एकाच गोष्टीचा विचार करत होते, की मला नाही म्हणता येईल का. आता येत होतं. बांध्या गेल्या होत्या, जीप नव्हती, बाबूजी गप्प होते. आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्या माणसाकडे नुसतं माणूस म्हणून पाहता आलं. तो चांगला होता. मला आवडतही होता. पण त्याच्याबरोबर गेले तर दर दोनतीन वर्षांनी नवं गाव, नवी चूल, आणि मी साहेबांची बायको. मला माझी सायकल हवी होती, पानठेल्यावरची ती वात्रट मंडळी हवी होती, आणि आश्चर्य म्हणजे तो कंटाळवाणा धडासुद्धा हवा होता. त्याच्यासाठी हे सगळं सोडावं इतका तो आवडत नव्हता. इतकं साधं उत्तर होतं, आणि ते दिसायला दोन वर्षं लागली.

"नाही," मी म्हटलं. "राग मानू नका. पण नाही."

त्याला लागलं. ते दिसलं. त्याने मान हलवली.

"बरं," तो म्हणाला. "विचारायला आलो ते बरं केलं मी. नाहीतर वाटत राहिलं असतं."

आई आत जाऊन चहा घेऊन आली. त्याने तो शांतपणे प्यायला. शहापूरहून पुढची बस कधी आहे ते त्याने विचारलं, मी सांगितलं. निघताना तो बाबूजींना नमस्कार करायला वळला, आणि बाबूजी, मला अजून आश्चर्य वाटतं, उठून उभे राहिले.

तो तलावाच्या पाळीवरून जाईपर्यंत आई दारात उभी होती. पाळीवरून तो उतरला, दिसेनासा झाला, तरी ती उभीच. मग तिने छपरीकडे पाहिलं. खुर्ची होती तिथेच होती. बाबूजी पुन्हा बसले होते आणि पान लावत होते. गुरांकडून गड्याची हाक येत होती. आईने हे सगळं एकेक करून पाहिलं, जणू काहीतरी मोडलंय का ते तपासत होती.

"तू नाही म्हटलं वं," ती मला म्हणाली. "अन् काहीच नाही झालं."